कापूस डकवलेला चंद्र

नोकरीच्या दिवसांत मी रोज सकाळी सूर्य पिशवीत घालून घराबाहेर पडत असे. सूर्य म्हणजे एक पिवळा बल्ब आणि त्याचा होल्डर. पृथ्वी म्हणजे सायकलच्या चाकाची तार आरपार खुपसलेला रबरी चेंडू. चंद्र म्हणजे तसलाच लहान चेंडू, तार नसलेला. ते मात्र चार-पाच बाळगावे लागत, कारण मुलं चंद्र पळवतात. घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मी निघाले की सासूबाई आतून ओरडायच्या, "पृथ्वी घेतली काय व? काल ओट्यावरच राह्यली होती!"

मी यवतमाळला एका फिरत्या तारांगणावर काम केलं. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळ्या जाड कापडाचा एक मोठा घुमट असतो. घडी घातली की तो गादीच्या वळकटीएवढा होतो. शाळेच्या हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात तो पसरायचा, एका बाजूने मोठा पंखा लावायचा, की फुगून उभा राहतो. एका बोगद्यातून रांगत आत जायचं, सतरंजीवर बसायचं, आणि मधोमध ठेवलेल्या यंत्रातून छतावर तारे पडतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून आतल्या वाड्या-तांड्यांपर्यंत आमची गाडी जायची. गाडी शेषराव चालवायचे, पंखाही तेच सांभाळायचे. मुलं मला तंबूवाल्या म्याडम म्हणत. शेषरावांना काय म्हणत ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

लोकांना वाटायचं की मी तारे दाखवते. खरं म्हणजे ताऱ्यांना पंधरा मिनिटं पुरत. बाकी सगळा वेळ जायचा तो घरच्याच तिघांवर, सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्यावर. यांच्याबद्दल प्रत्येकाला सगळं माहीत असतं आणि विचारायला गेलं की काहीच सांगता येत नाही. "चंद्र केव्हा दिसतो?" असं विचारलं की शंभरातली शंभर मुलं "रात्री!" असं ओरडणार. मग मी त्यांना अंगणात नेऊन भर दुपारी आभाळात लटकलेला चतकोर चंद्र दाखवायची. त्या वेळी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असत. रोज डोक्यावर असलेली गोष्ट कुणी आपल्यापासून लपवून ठेवली होती, असा राग त्यांच्या तोंडावर यायचा. मला तो राग फार आवडायचा.

या धंद्याचा मोठा शत्रू म्हणजे लाईन जाणे. पंखा बंद पडला की घुमट एकदम कोसळत नाही, हळूहळू खाली बसतो. महागावकडच्या एका शाळेत शालेय समितीचे अध्यक्ष आत बसलेले असतानाच लाईन गेली. अध्यक्ष अंगाने भरलेले, बोगद्यातून आत येतानाच त्यांना दोघांनी ढकलावं लागलं होतं. आभाळ खाली यायला लागलं तशी मुलं खिदळत पटापट बाहेर निसटली. अध्यक्ष मात्र बसून राहिले. कापड त्यांच्या टोपीला टेकलं, तेव्हा अंधारातून त्यांचा आवाज आला, "म्याडम, प्रलय हा कार्यक्रमातच हाये का लाईन गेली?" शेषरावांनी बाहेरून कापड उचलून धरलं आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं. घामाने चिंब झालेल्या त्या माणसाने पुढच्या वर्षी आपणहून फोन करून गाडी मागवली, आणि जनरेटरही आणवून ठेवला.

दुसरं एक गिऱ्हाईक मी विसरू शकत नाही. पुसदच्या अलीकडे एका गावात कार्यक्रम संपला, मुलं गेली, आणि दोन मोठी माणसं भांडत भांडत माझ्याकडे आली. एक शेतकरी काका आणि दुसरा गवंडी, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात तो. काकांनी नवं घर बांधलं होतं. दार उगवत्या सूर्याच्या नेमकं समोर पाहिजे म्हणून त्यांनी पहाटे उठून स्वतः उभं राहून मिस्त्रीकडून दोरी मारून घेतली होती. पौषातली गोष्ट. घर झालं, वास्तुशांत झाली, आणि वैशाख-जेठाच्या सुमाराला काका दारात उभे राहिले तर सूर्य पार शेजाऱ्याच्या गोठ्यामागून वर येतोय! त्यांनी मिस्त्रीला धरलं की तू घर तिरपं बांधलंस.

"म्याडम, तुमीच सांगा यायले," मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाला. "घर नाई सरकलं. घर सरकते काय?"

मी पिशवीतून पृथ्वी काढली. तार तिरपी धरली आणि तशीच तिरपी ठेवून बल्बाभोवती फिरवली. पृथ्वीचा आस कलता आहे, म्हणून वर्षातला अर्धा काळ तिची वरची बाजू सूर्याकडे झुकलेली असते आणि अर्धा काळ पलीकडे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो आणि उन्हाळ्यात उत्तरेला. नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, त्यातली एक वेळ होळीच्या आसपासची. काकांनी हे दोनदा करून दाखवायला लावलं. मग चेंडूतली तार बोटाने चाचपली.

"म्हणजे पृथ्वीच तिरपी हाये?"

"हो."

"अन् तिचा मिस्त्री कोण?"

मी काही उत्तर देण्याच्या आत मिस्त्रीच म्हणाला, "कोणी का असंना, काका. त्याले कोणी बोलत नाई. बोलणं मलेच बसते." दोघंही हसले आणि एकाच मोटारसायकलवर बसून गेले. जाताना काका ओरडून म्हणाले की पृथ्वी तिरपी आहे तेच बरं, नाहीतर उन्हाळा-पावसाळा कुठून आला असता आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशावर पेरली असती. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते स्वतः जोडलं, आणि मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

एवढं असूनही या पेशात मला सुवर्णा राठोडइतकं कुणी शिकवलं नाही.

दिग्रस ते पुसद रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गावच्या शाळेत आमची गाडी गेली होती. जानेवारीचे दिवस, वेचणी अजून चालू, गाडीमागून गाडी कापूस जिनिंग कारखान्याकडे चाललेला. मार्चअखेर मी निवृत्त होणार होते. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या आठवीत एक मुलगी आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येते. जन्मापासून काहीच दिसत नाही. हुशार आहे, फार हुशार आहे. पण आमची शाळा आठवीपर्यंतच. पुढच्या वर्षी पुसदच्या शाळेत नववीला गेली की विज्ञान सोडायची सवलत तिला मिळू शकते आणि तिचा बाप म्हणतो, सोडून द्या. पोरगी म्हणते, सोडणार नाही. तुम्ही बघा. तिला हा तुमचा चंद्र-सूर्याचा धडा समजणार असेल तर तसं बापाला सांगा. नसेल समजणार तर तेही सांगा. तो तुमचं ऐकेल म्हणाला आहे."

मला हे अजिबात आवडलं नाही. तंबू घेऊन आलेल्या बाईने एका मुलीच्या शिक्षणाचा निकाल लावायचा, ही कुठली रीत? मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. मुख्याध्यापक नुसतेच ओशाळे हसले, आणि तेवढ्यात सुवर्णा एका मैत्रिणीचा खांदा धरून आलीच.

सडपातळ मुलगी, दोन घट्ट वेण्या, मान जराशी तिरपी. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "म्याडम, मी पण आतमधी येणार."

ती सगळ्यांबरोबर बोगद्यातून रांगत आत आली. मी अंधार केला, छतावर आकाश उघडलं, आणि दर वेळेसारखा साऱ्या मुलांच्या तोंडून एक मोठा चीत्कार निघाला. कार्यक्रम संपल्यावर सुवर्णाने माझा हात चाचपडून धरला. "सारे एकदम काहून ओरडले, म्याडम?" इतक्या वर्षांचा माझा तो काळा घुमट मला त्या क्षणी अगदी निरुपयोगी वाटला आणि माझे डोळे भरून आले. तिला ते दिसणार नव्हतं, हेही मनात येऊन मला स्वतःचीच लाज वाटली.

मी तिला व्हरांड्यात घेऊन बसले. तिचा प्रश्न तयार होता. "सारे म्हणते चंद्र वाढते अन् कमी होते. रोज थोडा थोडा कोण कापते त्याले?"

मी माझं पाठ झालेलं भाषण सुरू केलं. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, सूर्याचा प्रकाश त्याच्यावर पडतो, त्याचा अर्धा भाग उजळतो. तिने मला थांबवलं. "प्रकाश म्हणजे?"

मी अंगणातल्या उन्हाकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं.

"आन् सावली? झाडाखाली गेलं की थंड लागते, थे सावली का?"

"हो, तीच."

"मंग प्रकाश म्हणजे गरम लागते थो," ती म्हणाली आणि प्रश्न मिटवून टाकला. "सांगा आता."

प्रकाशाचं तिने माझ्यासाठी भाषांतर केलं होतं. आता मला तेवढ्याच भाषेत बोलायचं होतं. मी तिला अंगणात नेलं. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, अंगाला छान लागणारं. म्हटलं, तू पृथ्वी आहेस आणि तुझं नाक म्हणजे तुझा तांडा. सूर्याकडे पाठ कर. आता तांड्यावर रात्र. आता जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळत जा आणि काय होतं ते सांग.

ती वळू लागली. "डाव्या गालाले लागलं," ती म्हणाली. "झालं का उजाडलं?" आणखी वळली. "आता नाकावर. दुपार." आणखी वळली. "आता उजव्या गालावर राह्यलं फक्त. दिवस बुडून राह्यला." मग एकदम थांबली. "पण म्याडम, सूर्य तं कुठीच गेला नाई! मीच फिरली."

हे वाक्य शाळेच्या पुस्तकात छापलेलं असतं आणि मुलं ते घोकतात. त्या मुलीने ते गालाने शोधून काढलं. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि व्हरांड्यातल्या सगळ्या वर्गाने वाजवल्या.

चंद्राचं काय करायचं हे मात्र मला सुचेना. डोळस मुलांना मी बल्बासमोर चेंडू धरायला लावते आणि त्याचा उजळलेला भाग कमी-जास्त होताना दाखवते. हिच्या बोटांना उजळलेला भाग कसा कळणार? मी हातात चेंडू घेऊन चिडचिड करत उभी होते. शेषराव पंख्याची दोरी गुंडाळत होते. त्यांनी रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या चेंडूले कापूस डकवून टाका ना. हाय काय अन् नाई काय."

गाडीवाल्याने हसत मूठभर कापूस दिला. खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी कणकेची खळ करून दिली. आम्ही रबरी चेंडूच्या बरोबर अर्ध्या भागावर कापूस डकवला. मी सुवर्णाला सांगितलं, कापूस म्हणजे चंद्राची गरम बाजू, सूर्याच्या तोंडची. रबर म्हणजे थंड बाजू. आता हा चेंडू हात लांब करून समोर धर, मघासारखीच वळत जा, आणि दुसऱ्या हाताने तुझ्याकडे आलेली बाजू चाचपून बघ.

ती सूर्याकडे तोंड करून उभी राहिली, कापूस पलीकडे, रबर तिच्याकडे. "काहीच कापूस नाई," ती म्हणाली. "अमावस्या," मी म्हटलं. ती वळत गेली, चेंडू चाचपत गेली, आणि पूर्ण फिरून परत आली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"म्याडम, रोजच अमावस्या हाये."

मी डोक्याला हात लावला. मुठीत घट्ट धरलेला चेंडू तिच्याबरोबरच वळत होता. त्यामुळे रबराची बाजू कायम तिच्याचकडे राहत होती. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला गप्प केलं. तिने गालावरचं ऊन आणि चेंडूवरचा कापूस आळीपाळीने चाचपला. मग म्हणाली, "कापूस माह्यासंगं फिरला, थे चुकलं. मी कुठीबी वळली तरी कापूस सूर्याकडेच राह्यला पाह्यजे."

पुन्हा सुरुवात केली. आता ती गालाने सूर्य ओळखत होती आणि बोटांनी चेंडू वळवून कापूस त्याच्याकडे ठेवत होती. हळूहळू चेंडूच्या कडेने कापूस तिच्या बोटांना लागू लागला. आधी नुसती किनार, मग चतकोर, मग अर्धं रबर आणि अर्धा कापूस. तिची बोटं तिथे थांबली. "अष्टमी," मी हळूच म्हटलं. ती वळत राहिली. सूर्य तिच्या पाठीवर गेला, हात समोर, आणि तिच्या तळव्यात आला तो सगळा कापूस.

"अख्खा!" ती ओरडली. "सूर्य पाठीवर असला की अख्खा!" मग चेंडू छातीशी धरून हसत म्हणाली, "कोणीच नाई कापत त्याले. मीच अलग अलग बाजूनं हात लावून राह्यली."

चंद्राच्या कलांबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मी नोकरीभर ऐकलं नाही. मला वाटलं, निकाल लागला. मी अगदी ताठ मानेने तिच्या बापाची वाट बघत बसले.

फुलसिंग राठोड संध्याकाळी मुलीला न्यायला आला. उंच, रापलेला, बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघणारा माणूस. सुवर्णाने त्याला सगळं करून दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं. मग चेंडू हातात घेऊन फिरवत म्हणाला, "चेंडू तुह्या हातात हाये बेटा, म्हणून समजते. आभाळातला चंद्र हातात येते काय?"

मी तडकले. म्हटलं, आभाळातला चंद्र कुणाच्याच हातात येत नाही, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. तो रागावला नाही. म्हणाला, "म्याडम, मी काही पोरीचा दुश्मन नाई. पण पुसदच्या शाळेत मास्तर फळ्यावर काढन, सारे पोट्टे पाहातीन, अन् हे नुसती बसून राहीन. कोणी हसलं तिले, तं मी काय करू? घरी तिले कोणी हसत नाई." त्याचं भय खरं होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मग सुवर्णाच म्हणाली, "बापू, खऱ्या चंद्राकडे बोट केलं तं मानसान?"

"मानीन."

"मंग आपली होळी येऊ द्या."

फुलसिंग हो म्हणाला. पण तिथे सारा तांडा जमलेला असेल, तांड्याचा प्रमुख म्हणजे नायकही असेल, चुकलीस तर पुन्हा विज्ञानाचं नाव काढायचं नाही, हेही त्याने बजावलं. तिने मान डोलावली आणि चेंडू माझ्याकडून मागून घेतला. मुलं चंद्र पळवतात ते असं.

होळीच का, हे मला परतीच्या वाटेवर गाडीत कळलं. आपण होळी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटवतो. बंजाऱ्यांच्या तांड्यावर ती दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते. सगळे उजाडताना जमतात. आणि पौर्णिमेनंतरच्या त्या सकाळी एक गंमत असते. पूर्वेला सूर्य वर येतो तेव्हा पश्चिमेला पूर्ण चंद्र अजून मावळायचा असतो. थोडा वेळ दोघंही आभाळात असतात, समोरासमोर. शिवाय होळीच्या सुमाराला सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो, त्यामुळे चंद्रही जवळजवळ नेमका पश्चिमेला. पोरीने सूर्य पाठीवर घेण्यासाठी वर्षातली उत्तम वेळ निवडली होती, आणि ती तिच्या तांड्याच्या रिवाजातूनच निवडली होती. मी शेषरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अन् ढग आले तं?" त्यानंतर होळीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

ढग आले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. तांडा माळावर, चारी बाजूंनी उघडा, पळस फुललेले. डफ वाजत होता, बाया आणि माणसं लेंगी म्हणत फेर धरून नाचत होती. लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी. गाण्यातलं सगळं कळलं नाही, पण मधेच माझ्याकडे बघून सगळ्या बाया हसल्या, तेव्हा त्या कडव्यात मी असणार. नायकांनी होळी पेटवली. तुरीच्या तुराट्या आणि लाकडं धडधडून पेटली. पूर्वेकडे आभाळ लाल झालं आणि सूर्याची कड वर आली.

फुलसिंगने हात वर केला. डफ थांबला. मी पाहुणी असल्यामुळे तो त्यांची गोरबोली सोडून वऱ्हाडीत बोलला, "कोणी काही सांगायचं नाई. कोणी खोकायचं बी नाई."

सुवर्णा पुढे आली. हातात कापसाचा चेंडू. ती हळूहळू जागेवर वळली, चेहऱ्यावर ऊब शोधत. थांबली. पाठ फिरवली. आणि हात उचलून समोर बोट केलं.

बोट उत्तरेकडे होतं. समोर नुसतं आभाळ.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. फुलसिंगने डोळे मिटून घेतले. तिची आई, जिला ती याडी म्हणायची, पदर तोंडाशी धरून उभी होती. आणि मला कळलं काय झालंय ते. पेटलेली होळी तिच्या दक्षिणेला होती, आणि तिची धग एवढी होती की तिच्यापुढे उगवत्या सूर्याची ऊब म्हणजे काहीच नाही. पोरीने होळीला सूर्य धरलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. शेषरावांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला, नाहीतर मी बोललेच असते.

सुवर्णाचा हात मात्र खाली आला. तिने मान तिरपी करून हवा हुंगली.

"बापू, हा सूर्य नाई," ती म्हणाली. "सूर्य सकाळी सकाळी चटका देत नाई. अन् सूर्याले धुराचा वास नसते. मले आगीपासून दूर घेऊन चाला."

फुलसिंग जागचा हलेना. तेव्हा नायकच म्हणाले, "ने रे तिले. बरोबर म्हणते पोरगी."

तो तिला हाताला धरून माळाच्या टोकाला घेऊन गेला. सारा तांडा मागे, पण अंतर ठेवून. सूर्य आता क्षितिजापासून सुटला होता, तांबूस, कोवळा. खरं सांगते, माझ्या गालाला त्याची काहीएक ऊब लागत नव्हती. सुवर्णा उभी राहिली. मग ती फार सावकाश वळू लागली, डावीकडे, शाळेच्या अंगणात वळली होती तशी. तिने वेण्या पुढे घेतल्या आणि मान उघडी केली. आणखी थोडी वळली. पुन्हा जरा मागे आली. मग हात सरळ समोर उचलला आणि बोट केलं.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. पळसाच्या लाल शेंड्यावर पूर्ण चंद्र होता, पदर सुटलेल्या भाकरीसारखा फिका, मावळायला टेकलेला. त्या क्षणापर्यंत तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे आग आणि सूर्य बघत होते. मीसुद्धा.

बायांनी एकच कल्ला केला. डफ सुरू झाला. याडी पुढे होऊन लेकीच्या तोंडावरून हात फिरवू लागली आणि मी उघड उघड रडले. मला त्याचं काही वाटलं नाही.

फुलसिंग मात्र चंद्राकडेच बघत राहिला. एकदा मागे सूर्याकडे बघितलं, मग मधे उभ्या असलेल्या मुलीकडे, मग पुन्हा चंद्राकडे. चंद्र पळसामागे गेला तेव्हा तो माझ्याकडे वळला. "पुसदच्या शाळेत नाव टाकतो, म्याडम. विज्ञान घेऊनच टाकतो."

मग तो तिच्याजवळ गेला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "पण बेटा, खरं सांग. तुले दिसला काय व थो?"

सुवर्णा हसली. "मले कायले दिसाले पाह्यजे, बापू?" ती म्हणाली. "थो तिकडे, सूर्य इकडे. मी मधात उभी हाव ना."